काहील निघाली खाडीला

तालमीतली माणसं ओरडतात मोठ्यानं आणि लाजतात त्याहून मोठ्यानं. हे ज्याला माहीत नाही त्यानं कोल्हापूर बघितलेलंच नाही, खुशाल समजा. नाहीतर हंबीरराव वस्तादांसारखा माणूस, ज्याचा शड्डू नदीपलीकडं ऐकू जायचा, तो बाळासोच्या सोप्यात येऊन, पटका मांडीवर ठेवून, मान खाली घालून कशाला बसला असता?

"आक्का," वस्ताद घसा खाकरून म्हणाले, "सूनबाईंना जरा सांगा की. पोरं घाटावर आंघुळीला लाजाय लागलीत."

"का? माझ्या सुनंनं काय केलं?"

"त्या रोज पाटंचं काठाला बसत्यात न्हवं का, डोळ्याला नळी लावून. पोरं म्हणत्यात, आमच्याकडंच बघत्यात."

आत चुलीपुढं बसलेल्या श्यामलाला, बाळासोच्या बायकोला, आधी हसू फुटलं आणि मग ते ओठावरच विरलं. ती जयसिंगपूरच्या हेडमास्तरांची लेक, बी. एस्सी. झालेली. लग्नात हेडमास्तरांनी जावयाला घड्याळ दिलं आणि लेकीला दुर्बीण. पाहुण्यांत तेव्हाच कुजबुज झाली होती, की मास्तरांचं डोकं जरा हललंय. पण आठ वर्षं झाली, पहाटे म्हशींच्या धारा निघेपर्यंतचा तेवढा एक तास श्यामला पंचगंगेच्या काठावर दुर्बीण घेऊन बसायची. पलीकडच्या वाळूवर पाखरं उतरायची. त्याच वाळूवर वस्तादांची पोरं आंघोळीला उतरायची, यात तिचा काय दोष? बावीस माणसांच्या त्या घरात दिवसभर तिचा एक क्षणही तिचा नसायचा. तो तास तेवढा तिचा होता. तो गेला तर आपण घुसमटून जाऊ, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

वस्ताद चहा पिऊन गेले आणि आक्का आत आल्या. अंबूबाई त्यांचं नाव, पण नवऱ्यामागं शेत, गुऱ्हाळ आणि घर आवाजाच्या जोरावर चालवलेल्या या बाईला सासर-माहेर, शेजारपाजार, सगळं जग आक्काच म्हणायचं. त्या चुलीपाशी उभ्या राहिल्या.

"ती नळी उद्यापासनं ट्रंकेत."

आठ वर्षांत श्यामला सासूपुढं एका शब्दानं बोललेली नव्हती. त्या दिवशी बोलली. "आक्का, मी काय बघते ते तुम्ही एकदा बघा. एकदाच. मग तुम्ही म्हणाल तसं."

"पाखरं बघायला नळी कशाला? माझ्या म्हशीच्या पाठीवर बगळं बसत्यात रोज."

"बगळे नव्हेत हो! खाली कोकणात खाडी आहे. तिथं पाण्यात जंगल उभं असतं. त्या जंगलात होडीतनं जायचं. थंडीत तिथं हजारो कोसांवरनं पाखरं येतात, थवेच्या थवे. मीसुद्धा बघितलेलं नाही, नुसतं वाचलंय."

सुनेच्या आवाजाला आलेली धार बघून आक्का जरा चपापल्या. मग त्यांनी पदर खोचला. "बरं. दाखीव. माझ्या मनाला पटलं तर रोज जा नदीला, त्या हंबीररावाला मी बघून घेती. न्हाय पटलं तर नळी ट्रंकेत, आन परत नाव काढायचं न्हाय. कबूल?"

"कबूल," श्यामला म्हणाली.

मग बेत सुरू झाला. बेत कसला, रोज जेवणं झाली की सोप्यात पंचायतच भरायची. अडत्याचा ट्रक गूळ घेऊन कणकवलीला जाणार होता, त्याच ट्रकातनं जायचं ठरलं. ट्रकवर बंडू ड्रायव्हर. श्यामला परातीत जोंधळ्याचं पीठ पसरून त्यात बोटानं खाडी काढायची आणि बाळासो गंभीर चेहऱ्यानं त्या पिठाकडं बघत बसायचा. बाळासो मनानं गुळासारखा होता, जरा ऊन लागलं की पाझरायचा. आई बोलली की तिचं खरं वाटायचं, बायको बोलली की तिचं. अशा माणसाची दोन बायकांमधी काय दैना होते ते सांगायला नको.

"होडी कसली असती?" आक्कांनी विचारलं.

"लाकडी. लांबट. अरुंद."

"किती अरुंद?"

श्यामलानं हात पसरून दाखवलं. आक्कांनी त्या मापाकडं पाहिलं, मग स्वतःच्या देहाकडं पाहिलं. "त्यात मी बसणार न्हाय. एका कुशीला कलली तर सगळ्यांस्नी घिऊन बुडंल. मी बसली तर आपल्या काहिलीत बसणार."

काहील कोल्हापुरात कुणाला सांगावी लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगायला हवी. गुऱ्हाळात उसाचा रस आटवतात ती लोखंडी पत्र्याची गोल, पसरट, अवाढव्य कढई म्हणजे काहील. चार माणसं मांडी घालून ऐसपैस बसतील एवढी. एरवी तिच्यात गूळ शिजतो. नदीला पूर आला की तीच पाण्यात लोटायची आणि माणसं, शेरडं, धान्याची पोती पलीकडं न्यायची. बाळासो तान्हा असताना आक्का त्याला पोटाशी धरून अशाच काहिलीतनं पुराबाहेर आल्या होत्या. काहिलीवर त्यांचा देवाइतका विश्वास.

श्यामलानं कपाळावर हात मारून घेतला. पाखरं बघायला कुणी कढईत बसून जातं का? पण नाही म्हणावं तर आक्का घाट उतरणार नाहीत, आणि आक्का उतरल्या नाहीत तर दुर्बीण ट्रंकेत. ती मुकाट्यानं हो म्हणाली. बाळासोनं गुऱ्हाळामागची जुनी काहील काढली, झिजलेल्या जागा चिंध्या आणि डांबरानं बुजवल्या. घासून घासून हात दुखले, पण तिच्यातला गोडवा काही जाईना. मुंगळे हटायला तयार नव्हते.

राहिला प्रश्न, पाण्यात उतरायचं कुठं? तो बाळासोनं चुटकीसरशी सोडवला. "सोपं हाय की. वरल्या अंगाला काहील सोडायची. पाणी आपसूक खाली नेतंय. खाली पूल हाय, तितं बंडूनं ट्रक लावून थांबायचं. वल्हवायची गरजच न्हाय."

"माझ्या मनातलं बोललास," आक्का म्हणाल्या. श्यामलानंही पिठात वरनं खाली एक रेघ ओढली. नदीकाठची तीन माणसं, तिघांचंही एकमत, शंका कुणाला येणार? आणि इथंच सगळी गोम होती.

पौष महिना होता. फोंडाघाट उतरून कणकवलीत गूळ खाली केला, देवळात मुक्काम केला आणि सकाळी ट्रक खाडीच्या वरच्या अंगाला एका धक्क्यापाशी येऊन थांबला. चौघांनी कड्यांना धरून काहील उतरवली. धक्क्यावर एक म्हातारा जाळं विणत बसला होता. त्यानं काहील बघितली, तीत पदर सावरून बसणाऱ्या आक्का बघितल्या, आणि जो हसत सुटला तो पोट धरून आडवाच झाला. त्या हसण्याच्या भरात जे सांगायला हवं होतं ते सांगायचं बिचाऱ्याचं राहूनच गेलं.

बंडू ट्रक घेऊन पुलाकडं गेला. काहिलीत मधोमध आक्का, एका अंगाला श्यामला, एका अंगाला बांबू घेतलेला बाळासो. पाणी अगदी निपचित पडलं होतं. दोन्ही काठांना चिखल, आणि चिखलात ते जंगल. गर्द हिरवी झाडं, खाली जमीनच नाही. खोडांपासनं वाकडी मुळं निघून चिखलात रुतलेली आणि सगळीकडं चिखलातनं बोटभर खुंट वर आलेले, लाखांनी.

"हे काय पेरलंय?" आक्कांनी विचारलं.

"मुळं आहेत ती. चिखलात हवा नसते, म्हणून ही झाडं मुळं वर काढून श्वास घेतात."

आक्का त्या खुंटांकडं बघत राहिल्या. आक्का गप्प बसल्या म्हणजे काहीतरी शिरलं आत, एवढं श्यामलाला आठ वर्षांत कळलेलं होतं. तिला जरा धीर आला.

पण तो धीर फार टिकला नाही. पाणी नेईना म्हणून बाळासो बांबूनं काहील ढकलायला लागला आणि दर खेपेला बांबू काठावर आपटून ठण्ण करून आवाज व्हायचा. देवळातली घंटा परवडली! पुढं एक राखी बगळा उभा होता, तो उडाला. खंड्या होता, तो दुसऱ्या वळणाआड गेला. श्यामला दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत फांद्या मोकळ्या. "अहो, हळू!" ती कळवळून म्हणायची, बाळासो "व्हय व्हय" म्हणायचा, आणि परत ठण्ण.

"एक कावळा दिसला," आक्का अखेर म्हणाल्या. "कावळं आपल्या परड्यात बी हाईत."

संपलं, श्यामलाला वाटलं. उद्यापासनं पहाटे उठायचं ते फक्त शेण काढायला. तिला सासूचा राग येईना, नवऱ्याचाही येईना. नुसतं रडू येत होतं, आणि रडायलाही त्या काहिलीत आडोसा नव्हता.

तेवढ्यात बाळासोनं बांबू जोरात रोवला, तो चिखलात खोल गेला आणि निघेचना. काहील पायाखालनं सरकायला लागली. बांबू धरून ठेवावा तर काहील जाते, काहिलीत राहावं तर बांबू जातो. बाळासो क्षणभर दोन्हींच्या मधी लोंबकळला आणि आईनं धोतर धरून ओढला तेव्हा काहिलीत आदळला. बांबू मागं पाण्यात ताठ उभा राहिला.

"घ्या आता!" बाळासो म्हणाला.

आवाज बंद झाला होता. बांबूच्या टोकावर कुठनं तरी एक खंड्या येऊन बसला. काळी टोपी, पांढरी गळपट्टी, पाठीवर असली निळाई, की तसलं लुगडं पेठेत बघायला मिळायचं नाही. त्याला बघायला दुर्बीण लागली नाही.

"आगं बया," आक्का हळूच म्हणाल्या. आणि मग त्यांच्या कपाळावर आठी पडली. "बाळासो, आपण कुणीकडं निघालोय?"

"खाली. पुलाकडं."

"मग धक्क्याकडचा त्यो माड जवळ कसा यायला लागला?"

"काय तरीच! पाणी खालीच जातंय की."

"मला पाणी शिकवू नगंस!" आक्कांनी दशमीचा तुकडा मोडून पाण्यात टाकला. तिघंही वाकून बघायला लागली. तुकडा जरा थबकला आणि वरच्या अंगाला चालू लागला. त्याच्या मागनं फेस आला, पाचोळा आला, सगळा लवाजमा उलटा निघाला होता. पाण्याखाली कुणीतरी सावकाश मोट ओढावी तसं सगळं पात्र माघारी सरकत होतं.

आक्कांचे हात आपोआप जुळले. "जलम गेला नदीच्या काठाला. पूर बघितला, आटलेली बघितली. पर नदी माघारी वळल्याली कवा बघितली न्हाय गं!"

"भरती," श्यामला पुटपुटली. तिला स्वतःचीच लाज वाटली. भरती-ओहोटीवर तिनं परीक्षेत पानभर लिहिलं होतं. पण ती भरती समुद्राची, वाळूवरच्या लाटांची. ती डोंगरांच्या मधनं एवढ्या आत चालत येत असेल हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. "नदी नाही वळली, आक्का. समुद्र आत आलाय."

"हितवर?"

"इथवर."

आक्कांनी बोट बुडवून जिभेला लावलं. "खारट हाय," त्या म्हणाल्या, आणि देवाचं तीर्थ घ्यावं तसं परत एकदा लावलं.

आता काहील कुणाच्याच हातात नव्हती. ती समुद्राच्या हातात होती. होडीला नाक असतं, काहिलीला नाक नाही. ती संथ गिरक्या घेत निघाली आणि तिच्यात बसलेल्यांना मान न वळवता चहूकडचं सगळं जंगल दिसत राहिलं. मुख्य पात्रातनं एका फाट्यात ती अलगद शिरली. वर फांद्या एकमेकींना भिडलेल्या, हिरवा उजेड. बघता बघता चिखलातले खुंट पाण्याखाली गेले, मग वाकडी मुळं गेली, मग झाडं थेट पाण्यातनं उगवल्यासारखी दिसू लागली. वल्ह्याचा आवाज नाही, माणसाचा नाही. हाताच्या अंतरावर ढोकरी बसली होती, ती उडाली नाही. गोल कढईत बसून आलेलं संकट तिनं आयुष्यात बघितलं नसावं. एका फांदीत काहिलीची कडी अडकली आणि काहील थांबली.

"आता बोंब मारायला पायजे," बाळासो कुजबुजला. "बंडू पुलापाशी वाट बघत बसंल. कोण येणार हितं?"

आणि मग तो आवाज आला, समुद्राकडनं. श्यामलाला आधी वारा वाटला, पण पान हलत नव्हतं. बारीक शिट्ट्या होत्या त्यात, हजारो, एकीत एक मिसळलेल्या. भरतीनं खालचे सगळे चिखल बुडवले होते, आणि त्या चिखलावर चरणारं झाडून सगळं पाखरू पाण्यापुढं उठून आत यायला निघालं होतं. पात्राच्या वळणावर ते दिसलं. धुरासारखं, मग चादरीसारखं, मग डोक्यावर नुसतं पाखरूच पाखरू. तुतवार, चिखल्या, लांब वाकड्या चोचीचे कोरल. पंखांचा वारा आक्कांच्या तोंडावर आला. पदर उडाला तरी त्यांनी तो सावरला नाही. फांदी न् फांदी भरत गेली, फांद्या वाकल्या, आणि तरी येतच होती.

एवढ्यात वरनं एक मोठी सावली सरकली. पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड. सगळा थवा एका दमात उठला, उजवीकडं वळला तेव्हा मातकट होता, डावीकडं वळला तेव्हा चांदीचा झाला. परत मातकट, परत चांदी. एकाही पाखराचा दुसऱ्याला धक्का नाही. श्यामलाच्या गळ्यात दुर्बीण तशीच लोंबत राहिली. तिला रडू आवरेना, आणि ते आवरावंसंही वाटेना. आपण हे बघायला जगात आलो आणि बघितलं, एवढंच तिच्या मनात होतं. पैजेचं तिला भानही उरलं नव्हतं.

गरुड गेला. थवा परत उतरला, अगदी काहिलीच्या काठाशी. बाळासोनं बोंब मारायला छाती भरून घेतली. आक्कांचा हात त्याच्या तोंडावर फटकन बसला.

"गप," आक्का म्हणाल्या. ज्या बाईची हाक चार शेतांपलीकडं जायची तिचा आवाज इतका खाली येऊ शकतो हे त्या घरातल्या कुणाला माहीत नव्हतं. "उठतील ती. पाण्यानं आणलंय तसं त्येच माघारी नील आपल्याला. बस."

बाळासो बसला. पाणी चढत होतं.

"कुणी हुकूम दिला गं त्यास्नी वळायचा?" आक्कांनी विचारलं.

"कुणीच देत नाही."

"मग समदी एकदम वळत्यात कशी?"

"ते अजून कुणाला नीट कळलेलं नाही, आक्का."

"आन येत्यात कुठनं म्हणालीस?"

"बर्फाच्या मुलखातनं. हिमालय ओलांडून. यातल्या कितीकांचे आईबाप आधी निघतात, आणि पिल्लं मागनं येतात. त्याच वर्षी जन्मलेली. वाट दाखवायला कुणी नसतं, तरी इथंच येतात."

आक्कांनी पदरानं डोळे पुसले आणि लपवलेही नाहीत. एक कोरल, नर की मादी देव जाणे, समोरच्या फांदीवर चोच पाठीत खुपसून एका पायावर झोपला होता. आक्का त्याच्याकडं बघत होत्या.

"ह्यातलं एखादं आपल्या नदीला बी उतरतं?"

"उतरतं की. इतकी नाही, चार-दोन. पण जाता-येता उतरतात. वस्तादांची पोरं आंघोळ करतात ना, त्यांच्या मागंच, वाळूवर."

"आन ती बघायला तू जात हुतीस."

"हो."

आता निवाडा होणार हे श्यामलाला कळलं. आक्कांनी सुनेकडं पाहिलं. त्या नजरेत हुकूम नव्हता, परवानगी नव्हती, रागही नव्हता. लहान पोरीला जत्रेला न नेता घरीच ठेवल्यावर तिचा चेहरा होतो, तसा त्या म्हाताऱ्या बाईचा चेहरा झाला होता.

"आट वर्सं," आक्का म्हणाल्या. "आट वर्सं मी पाटंचं चुलीम्होरं जागीच असायची. तू दार उघडून जायचीस, मला ऐकू यायचं. असलं बघायला जात हुतीस, आन एकदा बी म्हणाली न्हाईस, की आक्का, चला."

सासूनं श्यामलावर आजवर पुष्कळ ठपके ठेवले होते, आणि त्यातला हा एकच खरा होता.